काल चालत होतं, आज पांढरं पान: शॉपिफाय ॲपचं टेम्प्लेट रोज सकाळी का रुसतं

शॉपिफाय म्हणजे ऑनलाइन दुकान चालवायचा तयार प्लॅटफॉर्म, आणि त्याचं ॲप तयार टेम्प्लेटवरून बनवलं की काल चाललेलं आज उघडत नाही, ही ती तक्रार. घाई असेल तर एवढंच वाचा. ॲप अनइन्स्टॉल करू नका, नोड मॉड्यूल्सचं (ॲपला लागणाऱ्या लायब्ररींचं) फोल्डर उडवू नका, नवीन प्रोजेक्ट तर अजिबात काढू नका. ॲडमिनमध्ये (दुकान सांभाळायच्या पानांत) तुमचं ॲप ज्या फ्रेममध्ये उघडतं तिथे राइट क्लिक करून फ्रेमचा सोर्स उघडा आणि नेमका कुठला पत्ता लोड होतोय ते बघा, मग टर्मिनलमध्ये आत्ता कुठला पत्ता छापलाय ते बघा. दोन्ही वेगळे निघाले तर आजार सापडला, आणि सारखे निघाले तर खाली घड्याळाचा किस्सा आहे तो नक्की वाचा, कारण त्याने माझे सलग दोन दिवस खाल्ले.

आता सविस्तर. मी मुळात पीएचपीवाला, इतकी वर्षं वर्डप्रेसवर दुकानं लावून दिली. यंदा रत्नागिरीच्या एका आंबा बागायतदारांचं काम आलं, त्यांचं दुकान आधीच शॉपिफायवर होतं आणि त्यांना हवं होतं एवढंच की गिऱ्हाईकाने पिनकोड टाकला की तिथे हापूसची पेटी किती दिवसांत पोचेल, पोचेल की नाही, ते दिसावं. काम छोटं, पण आंब्याचा सीझन कुणासाठी थांबत नाही त्यामुळे मार्चच्या आत पाहिजे होतं. म्हणलं तयार टेम्प्लेट घेऊ, त्यात लॉगिन, सेशन (लॉगिन झालेल्या दुकानाची नोंद), डेटाबेस सगळं आयतं मिळतं, आपण फक्त आपलं पान टाकायचं.

पहिल्या दिवशी खरंच लोण्यातून सुरी फिरावी तसं झालं. एनपीएम इनिट ॲट शॉपिफाय स्लॅश ॲप ही कमांड मारली, टेम्प्लेट रीमिक्स नावाच्या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कचं निवडलं (हल्ली नवीन प्रोजेक्टला रिॲक्ट राउटरचं मिळतं, आतली मांडणी बरीचशी तीच आहे), डेव्हलपमेंट स्टोअर (चाचणीचं दुकान) जोडलं, एनपीएम रन डेव्ह केलं (लॅपटॉपवर ॲप चालू करायची कमांड, पुढे नुसतं डेव्ह म्हणतो) आणि ॲडमिनमध्ये ॲप उघडलं. त्यात एक बटण असतं, दाबलं की दुकानात एक प्रॉडक्ट तयार होतं, आणि ते प्रॉडक्ट म्हणजे चक्क स्नोबोर्ड! कोकणातल्या आंब्याच्या ॲपमध्ये लाल रंगाचा स्नोबोर्ड बघून हसू आलं, पण त्याला कारण आहे, शॉपिफाय सुरू करणाऱ्यांनी आधी कॅनडात स्नोबोर्ड विकायचं ऑनलाइन दुकान काढलं होतं आणि त्यासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधूनच २००६ मध्ये हा प्लॅटफॉर्म आला. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसलो, परत एनपीएम रन डेव्ह, टर्मिनलमध्ये सगळं हिरवं, आणि ॲडमिनमध्ये ॲपवर क्लिक केलं तर करड्या रंगाचं तोंड पाडलेलं चित्र आणि खाली लिहिलंय की सर्व्हरचा आयपी ॲड्रेस सापडला नाही. कोड एका अक्षराने बदललेला नाही. मग जे सगळे करतात तेच मी केलं, कॅश साफ, इनकॉग्निटो, ॲप अनइन्स्टॉल, नोड मॉड्यूल्स उडवून परत इन्स्टॉल, काही फरक नाही. शेवटी वैतागून नवीन फोल्डरमध्ये नवीन प्रोजेक्ट काढला, नवीन ॲप नोंदवलं, जुन्यातली माझी दोन पानं उचलून तिकडे टाकली, आणि चाललं! मला वाटलं टेम्प्लेट करप्ट झालं असेल. दोन दिवसांनी परत तेच. आठवडाभरात माझ्या डॅशबोर्डवर ‘पिनकोड’, ‘पिनकोड नवीन’, ‘पिनकोड नवीन २’ आणि ‘पिनकोड फायनल’ अशी चार ॲपं झाली होती आणि मला अजून वाटत होतं की हे टेम्प्लेटच दोन दिवसांत नासतं, नाशवंत मालासारखं.

खरं कारण काय होतं ते कळायला आधी हे ॲप नेमकं राहतं कुठे ते समजून घ्यावं लागतं, जे मी पीएचपीच्या सवयीमुळे घेतलंच नव्हतं. वर्डप्रेसचं प्लगिन दुकानाच्याच सर्व्हरवर असतं. शॉपिफायचं ॲप तसं नाही, ते तुमच्या सर्व्हरवर असतं आणि ॲडमिनमध्ये फक्त एका आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या खिडकीत, दिसतं. डेव्हलपमेंट करताना तो सर्व्हर म्हणजे तुमचा लॅपटॉप, आणि लॅपटॉपला बाहेरून कुणी गाठू शकत नाही म्हणून सीएलआय, म्हणजे टर्मिनलमधून चालणारं शॉपिफायचं साधन, मधल्यामध्ये एक टनेल (बाहेरून लॅपटॉपपर्यंतचा रस्ता) उभा करतं, क्लाउडफ्लेअरचा फुकटातला, ज्याचा पत्ता ट्रायक्लाउडफ्लेअर डॉट कॉमच्या आधी तीनचार इंग्रजी शब्द जोडून बनतो. हा पत्ता दर वेळी नवा. डेव्ह बंद केलं की तो मेला, परत चालू केलं की दुसरा. म्हणजे तुमचं ॲप हा रोज खोली बदलणारा भाडेकरू आहे, आणि शॉपिफायकडे त्याचा जो पत्ता लिहिलेला आहे तो दर वेळी कुणीतरी जाऊन बदलायला पाहिजे. नाही बदलला तर ॲडमिन कालच्या खोलीचं दार वाजवत बसतं.

हे बदलायचं काम सीएलआय स्वतः करतं, पण तुम्ही परवानगी दिली असेल तरच. पहिल्यांदा डेव्ह चालवताना विचारतं की ॲपचा पत्ता आपोआप अपडेट करू का, तिथे मी हो म्हणलं होतं. तुमचं उत्तर शॉपिफाय डॉट ॲप डॉट टॉमल या सेटिंगच्या फाइलमध्ये, बिल्ड या सेक्शनखाली, ऑटोमॅटिकली अपडेट यूआरएल्स ऑन डेव्ह अशा नावाने जाऊन बसतं. आता गंमत बघा. त्या वेळच्या सीएलआयमध्ये पत्ता बदलला की तो टॉमल फाइलमध्येही लिहिला जायचा, म्हणजे संध्याकाळी गिटमध्ये (कोडचे बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात) कमिट करायला गेलो की त्या फाइलचा डिफ, म्हणजे बदललेल्या ओळी, दिसायचा, आणि मला डिफमध्ये नको ती ओळ दिसली की चैन पडत नाही. म्हणून मी काय करायचो, ते ट्रूचं फॉल्स करायचो. दर वेळी. साफसफाई म्हणून! आणि दुसऱ्या दिवशी टेम्प्लेटला शिव्या. नवीन प्रोजेक्ट काढला की तिथे परत प्रश्न यायचा, परत हो म्हणायचो, परत चालायचं, परत संध्याकाळी झाडू. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, तसं माझ्या डोक्यात नवीन प्रोजेक्ट हाच उपाय पक्का बसला होता.

तर पहिला उपाय, ते ट्रू ठेवा. डिफ आला तर येऊ द्या, किंवा तुमच्यासाठी वेगळी टॉमल करा (कॉन्फिग लिंक या कमांडने शॉपिफाय डॉट ॲप डॉट काहीतरी डॉट टॉमल अशी दुसरी फाइल बनते, आणि कॉन्फिग यूजने कुठली वापरायची ते ठरतं) आणि ती गिटइग्नोरमध्ये (गिटने सोडून द्यायच्या फाइलींच्या यादीत) टाका. जुन्या पद्धतीच्या इन्स्टॉलमध्ये हाच आजार वेगळं तोंड घेऊन येतो, रीडायरेक्ट यूआरआय व्हाइटलिस्टेड नाही असा एरर दाखवतो, कारण ऑथ सेक्शनमधल्या रीडायरेक्ट यूआरएल्समध्येही तोच जुना पत्ता राहिलेला असतो. म्हणजे हाताने बदलणार असाल तर दोन्ही ठिकाणी बदला, फक्त ॲप्लिकेशन यूआरएल बदलून भागत नाही.

पण एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा. ज्या टॉमलमध्ये तुमच्या लाइव्ह ॲपचा क्लायंट आयडी (ॲपची ओळख सांगणारा क्रमांक) आहे तिच्यावर चुकूनही हे ट्रू ठेवून डेव्ह चालवू नका. चालवलंत तर गिऱ्हाईकाच्या खऱ्या दुकानातल्या ॲपचा पत्ता तुमच्या लॅपटॉपचा टनेल होऊन बसेल आणि तुम्ही लॅपटॉप मिटून जेवायला गेलात की तिकडे पांढरं पान. डेव्हलपमेंटचं ॲप वेगळं आणि लाइव्हचं वेगळं, हे पहिल्याच दिवशी करून टाका, नंतर करू म्हणाल तर होत नाही.

याच गावचा दुसरा प्रकार. मित्राला मदतीला घेतलं, त्याने रेपो क्लोन केला (कोडची पूर्ण प्रत घेतली) आणि स्वतःच्या लॅपटॉपवर डेव्ह चालू केलं. इकडे मी एका बटणाचा मजकूर बदलतोय, सेव्ह करतोय, रिफ्रेश करतोय, काही बदलत नाही. हॉट रीलोड (बदल लगेच दिसायची सोय) बिघडलं म्हणून तासभर ती सोय देणाऱ्या व्हीट (Vite) या साधनाच्या सेटिंगमध्ये घुसलो. मग अचानक माझ्या स्क्रीनवर बटण हिरवं झालं, जे मी केलंच नव्हतं, ते त्याने केलं होतं. म्हणजे मी तासभर पनवेलला बसून त्याच्या नाशिकच्या लॅपटॉपवरचं ॲप बघत होतो! क्लायंट आयडी एक, पत्ता लिहायची जागा एक, जो शेवटी डेव्ह चालू करेल त्याचा पत्ता राहतो. आता आमची दोघांची दोन ॲपं आहेत, दोन टॉमल आहेत, आणि भांडण नाही.

शॉपिफायच्या नवीन डेव्ह डॅशबोर्डवर नोंदवलेल्या ॲपमध्ये हे थोडं बदललंय. तिथे डेव्ह चालवलं की बदल फक्त त्या डेव्हलपमेंट स्टोअरपुरते प्रीव्ह्यू म्हणून लागतात, बाकी दुकानांना धक्का लागत नाही, हे चांगलं झालं. पण डेव्ह बंद केल्यावर तो प्रीव्ह्यू स्टोअरवर तसाच चिकटून राहतो, त्यामुळे ते स्टोअर मेलेल्या टनेलकडे बघत बसतं. ॲप डेव्ह क्लीन ही कमांड मारली की स्टोअर परत रिलीज केलेल्या व्हर्जनवर येतं.

आता समजा पत्ता बरोबर आहे, दोन्हीकडे तोच आहे, तरी उघडत नाही. तर नेटवर्क बघा. घरी चालतं आणि क्लायंटकडच्या वायफायवर चालत नाही असं असेल तर बहुतेक फायरवॉल, कारण हा टनेल बाहेर जाताना ७८४४ नंबरचा पोर्ट वापरतो आणि बऱ्याच ऑफिसांत ८० आणि ४४३ सोडून बाकी पोर्ट बंद असतात. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा, तिथे चाललं तर कोडला हात लावायची गरज नाही. दुसरं म्हणजे डीएनएस, इंटरनेटवरची पत्त्यांची डिरेक्टरी. टनेल उभा राहतोय तोवर आपण उतावीळपणे लिंक उघडतो, त्या क्षणी पत्ता अजून डीएनएसमध्ये पोचलेला नसतो, आणि ‘असा पत्ता नाही’ हे उत्तरसुद्धा डीएनएस काही वेळ लक्षात ठेवतो. मग टनेल नीट चालू झाला तरी तुम्हाला नाहीच दिसतं. पंधरावीस सेकंद थांबून उघडायची सवय लावा, किंवा लॅपटॉपचा डीएनएस १.१.१.१ नाहीतर ८.८.८.८ करा.

आणि एक खास शहाण्या लोकांसाठी: तुम्ही आधी कधी स्वतःच्या डोमेनसाठी क्लाउडफ्लेअरचा कायमचा टनेल लावला असेल तर होम फोल्डरमध्ये डॉट क्लाउडफ्लेअर्ड नावाच्या फोल्डरात कॉन्फिगची यामल फाइल पडलेली असते, आणि ती असली की हा फुकटातला टनेल चालत नाही. फाइलचं नाव बदला. किंवा मग आहेच कायमचा टनेल तर तोच वापरा, डेव्ह कमांडला टनेल यूआरएलचा फ्लॅग देऊन, शेवटी कोलन करून पोर्ट नंबर द्यायला विसरू नका. मी शेवटी हेच केलं, वर्षाला एका डोमेनचा काय तो खर्च, पण पत्ता कायम एक राहतो आणि डिफची कटकटच संपली. यूज लोकलहोस्ट असाही फ्लॅग आहे, त्यात टनेलच नाही, लॅपटॉपवरच सर्टिफिकेट बनवून थेट चालतं आणि वेगही मस्त, फक्त वेबहुक (काही घडलं की शॉपिफाय ॲपला पाठवतं तो निरोप) आणि ॲप प्रॉक्सी (दुकानाच्या पत्त्यावरून ॲपकडे येणारी विनंती) यांसारख्या गोष्टी, ज्यात शॉपिफायला बाहेरून तुमच्याकडे यावं लागतं, त्या चालणार नाहीत. माझं तर कामच ॲप प्रॉक्सीवर (गिऱ्हाईक पिनकोड टाकतो ते तिथूनच येतं) म्हणून मला ते बाद.

सेशन नावाचं टेबल डेटाबेसमध्ये नाही असा एरर येतो तो मात्र सोपा आहे. टेम्प्लेटमध्ये एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) आणि त्याच्याशी बोलणारं प्रिझ्मा असतं, डेव्ह डॉट एसक्यूलाइट ही फाइल गिटमध्ये जात नाही, त्यामुळे नव्याने क्लोन केलं की डेटाबेस रिकामा. एनपीएम रन सेटअप चालवा, झालं. हाच एरर होस्टिंगवर दर डिप्लॉयनंतर येत असेल तर तुमच्या होस्टिंगची डिस्क टिकाऊ नाही, प्रत्येक डिप्लॉयला फाइल पुसली जाते, तिथे पोस्टग्रेस नाहीतर मायएसक्यूएल लावण्याला पर्याय नाही. नोडचं व्हर्जन २० च्या खाली असेल तर वर आणा, १८ चा सपोर्ट एप्रिल २०२५ मध्येच संपलाय, त्यावर वेळ घालवू नका.

परवानग्यांचं म्हणजे स्कोपचं चक्र हे आणखी एक. आधी तुम्ही फक्त प्रॉडक्ट लिहायची परवानगी मागितलेली असते, मग ऑर्डर वाचायची वाढवता, आणि ॲप लॉगिनच्या फेऱ्यांत अडकतं, इथून तिथे, तिथून इथे, शेवटी शॉपिफाय सांगतं की फार वेळा प्रयत्न झाला. कारण टॉमलमध्ये लिहिलेलं स्कोप तुमच्या लॅपटॉपला माहीत आहे पण शॉपिफायच्या वहीत अजून जुनंच आहे, ॲप म्हणतं मला दोन परवानग्या पाहिजेत, दुकान म्हणतं दिली की एक, आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवत फिरत राहतात. टॉमल सेव्ह करून भागत नाही, ॲप डिप्लॉय करावं लागतं. (डिप्लॉय या शब्दाने मी घाबरायचो, वाटायचं कोड कुठेतरी जाऊन पडेल. त्याने तुमचा वेब ॲपचा कोड कुठेही जात नाही, फक्त कॉन्फिगरेशन आणि एक्स्टेन्शन जातात, सर्व्हरचा कोड तुमचा तुम्हालाच होस्ट करावा लागतो.)

ॲपच्या आत एखाद्या लिंकवर क्लिक केलं आणि फ्रेममध्ये ‘रिफ्यूज्ड टू कनेक्ट’ आलं तर तुम्ही साधा ए टॅग (एचटीएमएलची साधी लिंक) किंवा साधा रीडायरेक्ट वापरलाय. लिंक रीमिक्सची घ्या, फॉर्म रीमिक्सचा घ्या, आणि रीडायरेक्ट हा ऑथेंटिकेट डॉट ॲडमिन जो परत देतो तो वापरा. साध्याने सेशन हरवतं आणि लॉगिनचं पान फ्रेममध्ये उघडायला जातं, ते पान सुरक्षेसाठी फ्रेममध्ये उघडूच देत नाहीत.

आता अनइन्स्टॉल करू नका असं वर का म्हणलो ते. टेम्प्लेटमध्ये एक वेबहुक असतो, दुकानातून ॲप काढलं की तो येतो आणि डेटाबेसमधली त्या दुकानाची सेशन पुसतो. पण तुम्ही डेव्ह बंद असताना, म्हणजे टनेल मेलेला असताना, ॲप काढलंत तर तो वेबहुक येणार कुठे? सेशनची जुनी ओळ एसक्यूलाइटमध्ये तशीच पडून राहते, तिच्यातला टोकन (प्रवेशाची किल्ली) तर शॉपिफायने केव्हाच रद्द केलेला. परत इन्स्टॉल केल्यावर ॲडमिनमधलं पान बहुतेक वेळा स्वतःला सावरून घेतं, ४०१ (‘ओळख पटली नाही’ असा एरर) आला की नवा टोकन मागतं. पण अनऑथेंटिकेटेड ॲडमिन वापरून मागच्या मागे चालणारा जो कोड असतो, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) वगैरे, त्याला सावरायला समोर कुणी माणूस नसतो, आणि तो जुनाच टोकन घेऊन ४०१ खात बसतो. माझा रोज रात्री स्टॉक वाचणारा जॉब असाच चार रात्री उपाशी झोपला. प्रिझ्मा स्टुडिओ उघडून सेशनची ओळ हाताने उडवा आणि ॲप एकदा ॲडमिनमधून उघडा, नवी ओळ तयार होते.

आता घड्याळ.

हे सगळं निस्तरून झालं, पत्ता कायमचा झाला, वेगळी ॲपं झाली, आणि एका सोमवारी क्लायंटच्या ऑफिसात बसून ॲप उघडतोय तर पान लुकलुकतंय. म्हणजे उघडतं, पांढरं होतं, परत उघडतं, परत पांढरं, ट्यूबलाइटचा स्टार्टर गेल्यासारखं. पत्ता बघितला, बरोबर. टनेल चालू, पोर्टची अडचण नाही, मी हॉटस्पॉटवरही लावून बघितलं, तेच. स्कोप तेच. सेशनची ओळ उडवली, काही नाही. संध्याकाळी घरी आलो, चालू केलं, एकदम व्यवस्थित! मंगळवारी परत तिकडे, परत लुकलुक. बागायतदार काका शेजारी बसून बघतायत आणि शेवटी म्हणाले, “अहो, तुमचं हे ॲप आमच्या बागेतल्या पंपासारखं आहे, दुरुस्तीवाला आला की चालतं.” इथे उलटं होतं, दुरुस्तीवाला आला की बंद.

मग लॉगची पातळी डीबगवर नेली (शॉपिफाय डॉट सर्व्हर या फाइलमध्ये शॉपिफायॲपच्या सेटिंगमध्ये लॉगरची लेव्हल देता येते) आणि ढिगाऱ्यात एक ओळ सापडली, सेशन टोकन पार्स झाला नाही, ‘एक्स्प’ क्लेमची टाइमस्टॅम्प तपासणी नापास. एक्स्प म्हणजे एक्स्पायरी. ॲडमिन तुमच्या ॲपला जो सेशन टोकन देतं तो फक्त एका मिनिटाचा असतो, त्यात कधीपासून चालेल आणि कधी संपेल ते लिहिलेलं असतं, आणि ते तपासतं तुमच्या लॅपटॉपवरचं नोड, लॅपटॉपच्या घड्याळाकडे बघून. टोकन बाद ठरला की टेम्प्लेटमधली शॉपिफायची लायब्ररी बिचारी नवीन टोकन आणायला ॲडमिनकडे परत पाठवते, नवीन येतो, तोही बाद, परत पाठवते. हेच ते लुकलुकणं.

टर्मिनलमध्ये डेट टाइप केलं. सकाळचे साडेदहा वाजलेले आणि लॅपटॉप म्हणतोय दुपारचे चार. बरोबर साडेपाच तास पुढे.

साडेपाच हा आकडा बघितला की भारतातल्या माणसाच्या डोक्यात दिवा पेटायला पाहिजे. माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू दोन्ही आहेत, जीएसटीचं काम विंडोजवर आणि कोड उबंटूवर. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहून ठेवतं, आणि उबंटू तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे असं धरून वर आपले साडेपाच तास चढवतं. एरवी हे कळत नाही कारण नेट मिळालं की उबंटू काही सेकंदांत इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतं. पण क्लायंटकडे जायच्या आधी मी सकाळी विंडोजमध्ये बिलं बनवायचो, तिथे जाऊन उबंटू चालू करायचो, आणि त्यांच्या वायफायवर वेळ जुळवायचा जो रस्ता आहे, यूडीपीचा १२३ पोर्ट, तो बंद. हॉटस्पॉट लावला तेव्हाही वेळ लगेच जुळली नाही, कारण आधीचे प्रयत्न फसले की उबंटू पुढचा प्रयत्न करायला बराच वेळ घेतं आणि माझ्यात तेवढा धीर नव्हता, दोन मिनिटांत परत वायफाय. बाकी वेबसाइट सगळ्या चालत होत्या, साडेपाच तासांच्या फरकाने सर्टिफिकेटला काही होत नाही, म्हणून संशयच आला नाही. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ दिसत होतं की, पण त्याच्याकडे बघतो कोण, वेळ बघायला मोबाइल आहे.

उपाय दोन आहेत. एक, उबंटूला सांगा की मदरबोर्डवरची वेळ स्थानिक आहे, टाइमडेटसीटीएल सेट लोकल आरटीसी १, पण ते स्वतःच नाराज होऊन सूचना देतं की हे बरं नाही. दुसरा मला पटला, विंडोजच्या रजिस्ट्रीत टाइमझोन इन्फर्मेशनखाली रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची डीवर्ड व्हॅल्यू १ करा, म्हणजे विंडोजही यूटीसी धरतं आणि भांडण मिटतं. ज्यांचं एकच विंडोज आहे आणि त्यात डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरतात त्यांनीही लक्ष द्या, लॅपटॉप स्लीपमधून उठल्यावर आतल्या लिनक्सचं घड्याळ मागे राहून जायचा प्रकार तिथे होतो, विशेषतः जुन्या व्हर्जनमध्ये. तिथे आधी डब्ल्यूएसएल अपडेट करा, आणि तातडीचं म्हणून सुडो एचडब्ल्यूक्लॉक डॅश एस मारा. लायब्ररी घड्याळातला दहा सेकंदांचा फरक चालवून घेते, त्याच्या पुढे गेलात की गडबड.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायला गेलात तर ‘चालत नाही’ एवढंच सांगू नका, समोरच्याला काहीच कळत नाही. फ्रेममधला पत्ता, टर्मिनलमधला पत्ता, सीएलआयचं व्हर्जन (शॉपिफाय व्हर्जन ही कमांड) आणि नोडचं व्हर्जन, टॉमल फाइल आणि डीबग लॉगमधली पहिली लाल ओळ, शेवटची नव्हे पहिली, एवढं द्या. टॉमलमधला क्लायंट आयडी दाखवला तरी चालतो, तो गुपित नाही. पण ॲप एन्व्ह शोने जे छापलं जातं त्यात सीक्रेट (ॲपचा गुप्त पासवर्ड) असतो आणि डीबग लॉगमध्ये अख्खा टोकन असतो, तो स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या आधी खोडा. मी टाकला होता, मग रात्री अकरा वाजता सीक्रेट बदलत बसलो.